रफू केलेलं नाव

कोल्हापूरच्या स्टँडवर शेवंता चौगुलेनं "गडहिंग्लज, गडहिंग्लज" अशी हाळी दिली, की पलीकडच्या फलाटावरचा निपाणीला निघालेला माणूससुद्धा पिशवी उचलून उभा राहायचा. असा तिचा आवाज. बस आता विजेवर चालायची, दारं आपसूक मिटायची, तिकीट दारातला कॅमेरा चेहरा बघून कापायचा. तरी एस.टी.नं कंडक्टर ठेवले होते. "अहो मामा, टोमॅटोचं क्रेट मांडीवर घ्या, लोकांच्या पायात नको," हे सांगणारा कॅमेरा अजून निघाला नव्हता.

आणि या आवाजाला आता काम आलं होतं कुजबुजायचं.

धाकटा भाऊ रणजित अमेरिकेत, ओहायोत. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी त्याला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या इथं गडहिंग्लजला. रजा मिळाली, व्हिसा मिळाला नाही. मग ठरलं, बारसं 'सांगावा'वर करायचं. सांगावा म्हणजे कोल्हापुरातल्याच पोरापोरींनी काढलेलं ॲप. सगळं मराठीत, फुकट, आणि सगळी भावकी त्याच्यावर.

"अक्का, नाव तूच ठरव," रणजित म्हणाला होता. "आम्हाला आधी सांगूसुद्धा नको. तुझ्या तोंडून पहिल्यांदा तिच्याच कानात जाऊ दे, मग आम्ही ऐकतो."

नाव ठरलेलंच होतं. मंजुळा. त्यांच्या आईचं.

मंजुळाबाईला जाऊन चार पावसाळे झाले होते. दिवसभर ओव्या गुणगुणणारी बाई. तिची एक खोड होती. घरात कुणी शिंकलं की लगेच म्हणायची, "सत्य!" त्याआधी कुणी काय बोललं होतं याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. "आमटीत मीठ कमी पडलंय," म्हणून कुणी शिंकलं तरी सत्य, "पाऊस येतोय वाटतं," म्हणून शिंकलं तरी सत्य. तेही साधं नाही, गाण्याच्या सुरात, शेवटचं अक्षर हवेत लांबवून.

बारशाच्या दिवशी शेवंतानं दारात रांगोळी घातली, मोबाइल पाटावर उभा केला. शेजारणी जमल्या. तिकडं रणजितच्या घरात फुगे लावलेले, पाळण्याला झेंडूच्या माळा, केतकी पिवळ्या साडीत. केतकीच्या आई, नलिनीताई, खास बाळंतपणासाठी तिकडं गेलेल्या, त्या लगबगीनं इकडून तिकडं. रणजितनं फोन बाळाच्या कानाशी धरला. शेवंताच्या पडद्यावर एक इवलासा कान आला, जास्वंदीच्या कळीसारखा दुमडलेला. पडद्याच्या कोपऱ्यात सुईदोऱ्याचं एक बारीक चित्र लुकलुकत होतं. ते अलीकडं नेहमीच असायचं. शेवंताला वाटायचं, नक्षी असेल.

तिनं तोंड अगदी जवळ नेलं.

"कुर्र… मंजुळा."

शेजारणींनी पाठीत धपाधप धपाटे घातले. तिकडं टाळ्या झाल्या, केतकीनं डोळे पुसले, रणजित हसला. पेढे वाटले. शेवंता दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढली ती पाच फूट उंचीची असून छताला डोकं लागेल अशी.

"नाव ठेवलं वाटतं!" ड्रायव्हर यासीन मुल्ला म्हणाला. दोघं एका गाडीवर इतकी वर्षं होते, की डेपोतले लोक त्यांच्या भांडणावरून घड्याळ लावत.

"तुम्हाला कसं कळलं, मुल्लाभाई?"

"पाच उतारूंना तुम्ही आज 'बसा' म्हटलंत. एरवी 'सरका' म्हणता."

*

मग दिवस गेले आणि काहीतरी बिनसलं. काय, ते शेवंताला सांगता येईना.

रणजितचे फोन विरळ झाले. आला तर तो गोड बोलायचा. "हो अक्का. मंजुळा झोपलीय अक्का. तू तब्येतीला जप." हा कसला रणजित? हा तर लहानपणापासून वाक्य अर्धं टाकून द्यायचा, मधेच खोकायचा, "ए अक्के, थांब की जरा," म्हणून तोंडात चिवडा कोंबायचा. आता एक अडखळ नाही, एक शिंक नाही. चेहरा हसरा, वाक्यं पूर्ण.

"भाऊ गोड बोलतोय," तिनं मुल्लाभाईला सांगितलं.

"मग?"

"मग काय! रागावलाय."

कशासाठी, हे मात्र तिला उमगेना. पाळण्याला भेट कमी पडली? कुंची उशिरा पोचली? रोज कागलच्या टोलनाक्यावर गाडी थांबली की तिच्या मनात तोच विचार फिरायचा, आणि नाका सुटला तरी सुटायचा नाही.

आणि एका दुपारी कोल्हापूरच्या स्टँडवर गाडीत चढल्या नलिनीताई. केतकीच्या आई. आठवड्यापूर्वीच परत आलेल्या, गडहिंग्लजला कुणाच्या लग्नाला निघालेल्या. शेवंताला बघताच त्यांनी पिशवी खाली टाकली आणि भर गाडीत तिचे दोन्ही हात धरले.

"शेवंताताई, तुम्हाला भेटायचंच होतं हो. एवढं मोठं मन कुठून आणलंत?"

"कसलं मन?"

"अहो, स्वतःच्या लेकीचं नाव! केतकीनं मला सांगितलं ना सगळं, तुमची जुई कशी बारशाआधीच गेली ते. आणि तुम्ही ते नाव आमच्या बाळाला दिलंत. रडूच आवरेना आम्हाला. आता जुई म्हटलं की कशी मान वळवते म्हणून सांगू!"

मागनं कुणीतरी ओरडलं, "बाई, पुढं सरकू द्या की." एवढ्या वर्षांत शेवंताला हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी ऐकवलं.

"मी जुई नाही म्हटलं," ती म्हणाली.

नलिनीताईंनी तिच्याकडं बघितलं, जसं उन्हानं चक्कर आलेल्या माणसाकडं बघतात तसं. "ताई, मी तिथंच होते. पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. माझ्या कानांनी ऐकलं."

गाडी सुटली. शेवंता दांडीला धरून उभी राहिली. बाहेर उसाचे तुरे मागं पळत होते.

जुई. वीस-बावीस वर्षं झाली असतील. बाराव्या दिवसाआधीच गेली. नाव मनात ठरलेलं होतं, कानात जायचं राहिलं. त्यानंतर घरात ते नाव नवऱ्यानं काढलं नाही, हिनं काढलं नाही. एकदाच, केतकी बाळंतपणाच्या भीतीनं फोनवर रडायला लागली तेव्हा, शेवंता तिच्याशी बोलून गेली होती. आणि गेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराला ठेवतं का कुणी? तिनं ठेवलं असतं का?

तिनं मंजुळाच म्हटलं होतं. पाठीवरचे धपाटे आठवत होते. की तोंडातून दुसरंच निसटलं? माणसाचं होतं असं. पण मग इतके दिवस फोनवर रणजित 'मंजुळा झोपलीय' म्हणतोय, तो कोण?

*

सांगावाचं ऑफिस राजारामपुरीत, एका बेकरीच्या वर. जिन्यात टोस्टचा वास. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत शेवंता खाकी गणवेशातच वर गेली. टेबलामागं चष्मा लावलेली एक मुलगी होती, मनाली मगदूम. तिनं शेवंताचं सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"काकू, पडद्यावर सुईदोरा दिसत होता का?"

"तो रोजच असतो."

"ते रफू आहे." मनालीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नीट सांगते. आपण बोलतो ना, त्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालून पाठवला जातो, पलीकडं ती पाकिटं ओळीनं लावली की आवाज तयार. वाटेत एखादं पाकीट हरवतं. मग फोन काय करतो, आधीचा आणि नंतरचा आवाज बघून मधलं भोक भरून काढतो. हे फार जुनं आहे, सगळेच फोन करतात. निमिषभराचं भोक, कुणाला कळतही नाही."

"कापडाला रफू करतात तसं."

"तसंच. पण गेल्या वर्षी तिकडं नियम बदलला." तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं, जणू अमेरिका बेकरीच्या पलीकडंच होती. "आधी नेटवरच्या सगळ्या पाकिटांना वाट सारखी होती. पाकीट कुणाचं, हे बघायचं नाही. तो नियम तिथं उठला. आता वाट ज्या कंपनीच्या मालकीची, ती म्हणते, आम्हाला पैसे देईल त्याचं पाकीट आधी, बाकीचे थांबा. मोठ्यांनी दिले. आम्ही कुठून देणार? आमची पाकिटं त्यांच्या दारात खोळंबतात."

"पण आपल्याकडं तर कायदा आहे ना? बातम्यांत सांगत होते, आपल्याकडं सगळ्यांना सारखं."

"आहे. अजून आहे."

"मग?"

"काकू, तुमची गाडी इथून वेळेवर सुटली, आणि पुढचा नाका दुसऱ्याच्या राज्यात असला, तर तुमच्या डेपोचा नियम तिथं चालतो का?"

शेवंताला निपाणीच्या पलीकडं अडलेल्या गाड्या आठवल्या. तिनं मान हलवली.

"तर भोकं मोठी व्हायला लागली," मनाली म्हणाली. "दोन दोन वाक्यांची. चित्र थांबलं की माणसं फोन ठेवतात. ॲप बंदच पडलं असतं. म्हणून आम्ही रफू वाढवलं. तुमच्या आधीच्या बोलण्यावरून तुमचा आवाज, चेहरा, बोलायची ढब फोन शिकतो. पाकीट अडकलं की तुम्ही बहुतेक काय म्हणाल ते तो स्वतःच भरतो. खरं पाकीट मागून आलं तर…" ती थांबली.

"तर?"

"टाकून देतो. तोवर बोलणं पुढं गेलेलं असतं."

शेवंता टेबलाजवळ सरकली. "म्हणजे माझ्या आईचं नाव तिथवर गेलं. आणि उशीर झाला म्हणून दारातच टाकून दिलं."

मनालीनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आणि मला जे 'मंजुळा' म्हणत होते?"

"तुमच्या फोननं तुमच्या तोंडून मंजुळा ऐकलं होतं ना. तो तुम्हाला मंजुळा ऐकवत राहिला. त्यांच्या फोननं जुई ठेवलं, तो त्यांना जुई ऐकवत राहिला. प्रत्येक वाक्य नाही काकू. जेवढं अडकलं तेवढंच."

"त्यातलं अडकलेलं कुठलं आणि आलेलं कुठलं, कसं ओळखायचं?"

"आम्हालासुद्धा लगेच नाही ओळखता येत," ती मुलगी खरं बोलली. मग विचार करून म्हणाली, "एक आहे. रफूला गप्प बसता येत नाही. ते भोक भरायलाच केलंय. म्हणून समोरचा खरोखर गप्प बसला, किंवा मधेच भलतंच काही झालं, भांडं पडलं, उचकी लागली, तर तो खरा."

दोन्ही टोकांचं बोलणं काही महिने जपून ठेवलेलं असतं, ज्याचं त्याला ऐकवता येतं, असं मनालीनं सांगितलं. "ऐकायचंय का? तिकडं जे पोचलं ते?"

शेवंतानं कानाला लावलं. आधी टाळ्या, बायकांची कुजबुज. मग तिचा स्वतःचा आवाज. हाळी देणारा नाही. पदराआड दिवा नेताना बाई जशी चालते, तसा चालणारा.

"कुर्र… जुई."

तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. हे तिनं म्हटलं नव्हतं. पण म्हटलं असतं, तर असंच म्हटलं असतं, अगदी याच श्वासानं.

"याला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "मी कधी कुणाच्या कानात हे नाव… याला कसं कळलं?"

"त्याला काही कळत नाही, काकू. ते फक्त हिशेब मांडतं. बाळाचा विषय निघाला की तुमच्या तोंडात पुन्हा पुन्हा काय येतं, एवढंच." मनालीनं पडद्यावर काहीतरी चाळलं. "तुम्ही फोन चालू असताना एक ओवी गुणगुणता. बहुतेक कामं करताना. प्रत्येक फोनमध्ये आहे."

माझ्या अंगणात जुई, कुणी लाविली कळंना
वास येतो तिन्हीसांजा, फूल हाताला मिळंना

आईची ओवी. तिच्यावरूनच तर लेकीचं नाव ठरलं होतं. आपण ती गुणगुणतो, हेच शेवंताला माहीत नव्हतं.

जिना उतरताना तिला प्रश्न पडला. आपल्या मनात काय आहे हे यंत्रानं ओळखलं, की आपल्या मनात नसलेलं यंत्रानं घातलं? आणि आता ते मनात आहेच, तर ते कुणाचं?

*

संध्याकाळच्या फेरीला अजून वेळ होता. गाडी फलाटाला लागून चार्ज होत होती. आत फक्त मुल्लाभाई, स्टिअरिंगवर डबा ठेवून भाकरी खात.

"साधा फोन लावणार आहे," शेवंता म्हणाली. "ॲप नाही, चित्र नाही. बाहेरच्या देशाचा."

"लावा की. मी उतरू?"

"नको. बसा. माझं काही चुकलं तर सांगा."

"तुमचं काय चुकलं हे सांगायला मिळतंय, मी जेवणसुद्धा सोडीन."

तिकडं सकाळ होती. रणजितनं उचलला. "हॅलो? कोण… अक्का? साध्या फोनवरनं? काय झालं? भावजींना बरं नाही का? ए थांब, दूध…" मागं काहीतरी उतू गेल्याचा आवाज आणि त्याची शिवी. शेवंताच्या डोळ्यांत पाणीच आलं. हा रणजित.

तिनं सगळं सांगितलं. तिला जसं समजलं तसं, उलटसुलट. पाकिटं, नाका, रफू. शेवटी म्हणाली, "मी आईचंच नाव घेतलं होतं रे. मंजुळा."

पलीकडं काहीच नाही.

शेवंतानं फोन कानाला घट्ट दाबला. एरवी ती म्हणाली असती, हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का. आज ती थांबली. ही शांतता कुणी भरत नव्हतं. तिच्यात तो होता.

"मला वाटलं," रणजित बऱ्याच वेळानं म्हणाला, "तू आईला विसरलीस. मला आईचंच नाव पाहिजे होतं, अक्का. पण तुला कसं म्हणायचं? तू जुईचं नाव दिलेलं, त्याच्यावर कुठल्या तोंडानं बोलायचं? म्हणून मी बोलेचना."

"आणि मला वाटत होतं, कुंची उशिरा आली म्हणून रागावलास."

"कुंची भारी आहे," तो म्हणाला, आणि नाक ओढलं.

मग केतकीनं फोन घेतला. "अक्का, खरं सांगू? मला धक्काच बसलाय. पण ती जुईला वळते. कालपासून तर नुसतं जु म्हटलं तरी हसते. आता मी तिला काय म्हणू? तुम्ही ठरवा. यांचंही तेच म्हणणं आहे. तुमचा मान अजून झालेलाच नाही ना? तुमचं नाव तिच्या कानात गेलंच नाहीय. मी फोन धरते. आत्ता म्हणा."

"आत्ता?"

"ती जागी आहे."

फोन कुठंतरी घासला. मग एक श्वास ऐकू आला. बारीक, ओला, जरा घुरघुरता. शेवंतानं मुल्लाभाईकडं बघितलं. त्यानं भाकरीचा घास हातातच धरला होता.

तिच्या तोंडात दोन नावं होती. एक आईचं, जे तिनं ठरवलं होतं आणि दारात टाकून दिलं गेलं. एक लेकीचं, जे तिनं म्हटलंच नव्हतं आणि पोचलं होतं. अशुभ तर नाही ना? एक जीव आधीच गेलाय त्या नावानं. पण तो नावानं कुठं गेला? नाव तर त्याला मिळालंच नव्हतं. इतकी वर्षं ते बिनकानाचं फिरत होतं. आणि आता तिकडं एक कान आहे, त्या नावाला वळणारा.

की हेसुद्धा रफूच, स्वतःच्या मनाला केलेलं? तिला कळेना. आपण काय म्हणणार आहोत, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"कुर्र…" ती म्हणाली. भरल्या स्टँडवर, गाड्यांच्या भोंग्यांत, दोन हातांवरच्या माणसालाही ऐकू जाणार नाही असं.

"जुई."

पुन्हा शांतता. रणजित गप्प, केतकी गप्प. शेवंताला वाटलं, चुकलं. आईचं नाव आपण दुसऱ्यांदा टाकलं, आणि या खेपेला आपल्या तोंडानं.

आणि त्या शांततेत बाळ शिंकलं. एवढ्याशा जिवाला न शोभणारी, सणसणीत शिंक.

"अल्ला! इथवर ऐकू आली," मुल्लाभाई म्हणाला. "आत्यावर गेलीय."

तिकडं कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यातूनच आवाज आला, गाण्याच्या सुरात, शेवटचं अक्षर हवेत लांबवत नेलेला.

"सत्य!"

शेवंता बसच्या सीटवर बसली. कामावर असताना ती कधी बसायची नाही. तो आवाज रणजितचा होता. रणजितचाच असणार, तिकडं दुसरं कोण आहे? पण सूर आईचा होता, अगदी तंतोतंत, आणि कोपऱ्यात कुठलाही सुईदोरा नव्हता.

"रणजित?" तिनं हळूच विचारलं. "तूच ना रे?"

"मग कोण असणार, अक्के," तो म्हणाला. तोंडात काहीतरी होतं त्याच्या.

फलाटावर माणसं गोळा झाली होती, कुणी काचेवर टकटक करत होतं. शेवंता उठली, दारात आली, हाळी द्यायला तोंड उघडलं. आवाज आला तो कुजबुजल्यासारखाच.

"या," ती म्हणाली. "बसा."